नकाशात चढ दिसत नाही

लिस्बनमधलं हॉटेल शोधताना फोनवर अंतर बघितलं होतं. मेट्रोपासून ६०० मीटर. त्यात पायऱ्या किती, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. नवऱ्याने बॅग डोक्यावर घेतली आणि मी मागून मोजत निघाले. १२० नंतर मोजणं सोडलं, कारण बोलायलाच दम उरला नव्हता. "जेजुरीला निदान वर खंडोबा तरी भेटतो," नवरा म्हणाला. इथे वर भेटलं ते दोरीवर वाळत घातलेलं कुणाचं तरी धुणं आणि आमचं दोन बाय दोनचं रिसेप्शन.

आम्ही स्टुटगार्टला राहतो. २०२५ मध्ये पेंटेकॉस्टची सोमवारची सुट्टी ९ जूनला आली, म्हणून शनिवार ते सोमवार लिस्बन. पायीच फिरायचं हे आधीच ठरलं होतं. तरी पहिल्या संध्याकाळी पाय इतके बोलायला लागले की सुप्रसिद्ध पिवळ्या २८ नंबरच्या ट्रामच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. ट्राम आली. आतली गर्दी बघून, विरार लोकलमध्ये १० वर्षं काढलेला माझा नवरा म्हणाला, "चालू या."

आल्फामा हा जुना भाग किल्ल्याच्या टेकडीवरून नदीकडे उतरतो. उतरतो म्हणजे अक्षरशः. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरातली फोडणी इकडे ठसका आणेल. पण तिथून खाली बाइशात आलं की एकदम सरळ रेषेतले रस्ते, एकसारख्या इमारती. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला, मग समुद्र आत घुसला आणि उरलंसुरलं आगीने खाल्लं. मार्क्विस ऑफ पोंबालने हा भाग नव्याने आखला आणि घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरे बसवले, पुढच्या धक्क्यात घर हललं तरी कोसळू नये म्हणून. या सांगाड्याची परीक्षा घ्यायला त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं म्हणतात. वर कार्मोचं चर्च मात्र छप्पर नसलेलंच ठेवलंय. कमानींच्या फासळ्या आणि मध्ये निळं आकाश. तिथे आम्ही बराच वेळ नुसते बसलो.

फुटपाथबद्दल सांगायलाच हवं. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे छोटे छोटे चौकोनी तुकडे हाताने बसवून केलेली नक्षी; रोसियू चौकात तर लाटाच लाटा. फोटोत सुंदर दिसते. आणि लोकांच्या पायांनी घासून तुळतुळीत झालेली असते. फोटोंसाठी म्हणून मी पातळ तळव्यांच्या चपला घातल्या होत्या. उतारावर सपशेल आपटले. पुढचे दोन दिवस बूट. फोटोत पाय नाहीत.

आम्हा दोघांनाही पोर्तुगीज येत नाही, पण पाट्या वाचायचा नाद लागला. बेकरीवर 'पाऊं', म्हणजे पाव. किल्ल्या करून देणाऱ्याकडे 'शाव्ह', म्हणजे चावी. मेनूकार्डावर बटाट्याला चक्क 'बटाटा'. एका पडक्या वाड्यावर 'लेइलाऊं' वाचून नवरा थबकला. "लिलाव!" जर्मनीत आठ वर्षं राहून पाटी वाचताना त्याला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नदीकाठाने बेलेंपर्यंत साधारण सात किलोमीटर चाललो. वाटेत '२५ एप्रिल' नावाचा लाल झुलता पूल डोक्यावरून जातो आणि मधमाश्यांसारखा घोंघावतो, कारण त्याच्या काही लेनना डांबराऐवजी लोखंडी जाळी आहे. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये दाराशीच वास्को द गामा दगडात हात जोडून झोपलाय. १४९८, कालिकत, एक मार्काचा प्रश्न. १५२४ मध्ये हा कोचीनला वारला, हे मात्र शाळेत कुणी विचारलं नव्हतं. मठ बांधायला पैसा आला तो पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या ५ टक्के करातून. खांब देखणे आहेत यात वाद नाही, पण मलबारची मिरी आठवत राहिली. बाहेर घंटा वाजली तेव्हा मला मेणवलीची घंटा आठवली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर घाटावर आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. हिशेब काही जुळला नाही, पण नवऱ्याला सांगून बरं वाटलं. नंतर १८३७ पासून चाललेल्या दुकानात दालचिनी भुरभुरून गरमागरम पाश्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, खाल्ले. चार. प्रत्येकी.

खरी मजा रात्री. १२-१३ जूनला संत अंतोनियोचा सण असतो. हा मूळचा लिस्बनचाच, आणि लग्नं जुळवणारा संत. त्यामुळे आल्फामात पताका लागल्या होत्या, दारोदारी शेगड्यांवर सार्डिन भाजत होते, धुराने डोळे चुरचुरत होते. एका पायरीवर बसलेल्या आजी छोट्या कुंड्या विकत होत्या. बारीक पानांची, चेंडूसारखी गोल तुळसच म्हणा, वर कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. "मंजेरिकू," त्या म्हणाल्या. मला 'मंजिरी' ऐकू आलं. नातं आहे की योगायोग, यावर नवऱ्याशी हॉटेलपर्यंत वाद चालला. मी वास घ्यायला नाक लावणार तेवढ्यात आजींनी हात धरला. तळवा पानांवर अलगद फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा, अशी इथली रीत.

कुंडी मांडीवर घेऊन स्टुटगार्टला आणली. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली.

"तुळस बरी दिसते गं," आई म्हणाली. "पण तिला कागदाचं फूल कशाला खोचलंयस?"