अ‍ॅम्का आणि आजचा रिजेक्ट पार्ट
आज टायटॅनियमचा जॉब लावला होता, इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टिपेची, धार गेली आणि बोअर (आतलं भोक) दोन शतांश मिलिमीटरने मोठा झाला, केसाएवढंही नाही, तरी पार्ट रिजेक्ट. जाम वाईट वाटलं.

मग डबा खाताना अ‍ॅम्काचाच विषय, म्हणजे आपलं तयार होत असलेलं नवं स्टेल्थ, रडारला सहज न दिसणारं लढाऊ विमान. 2024 ला ते विकसित करायला 15,000 कोटी मंजूर झाले, मे 2025 मध्ये खाजगी कंपन्यांनाही सरकारीच्या बरोबरीने संधी द्यायचं ठरलं आणि आपल्या पुण्याची भारत फोर्ज पण स्पर्धेत उतरली, खरंच अभिमान वाटतो. सरकारी विमान कंपनी एचएएलकडे तेजस लढाऊ विमानांचंच केवढं काम आहे, नाशिकजवळ ओझरलाही त्याची लाईन सुरू झालीय, मग दुसरा हात हवाच ना. पण स्टेल्थ म्हणजे नुसता रंग नाही हो, पॅनेलच्या सांध्यात फट राहिली तरी रडारला सापडतं, म्हणून तर मिसाईलसुद्धा पोटात ठेवतात. ज्याला हे रोज, प्रत्येक पार्टला जमेल त्यालाच काम द्या.

उद्या नवीन इन्सर्ट लावून परत तोच जॉब घेतोय.