अहवालातले 14, विहिरीतले 62

शेतीच्या पट्ट्यातल्या विहिरी आणि बोअर तपासायचं काम घेतलं, तेव्हा वाटलं होतं की बाटल्या भरायच्या, प्रयोगशाळेत द्यायच्या, आकडे आले की झालं. पण निम्मं काम बाटली भरण्याआधीच असतं.

पंप सुरू केल्याकेल्या येतं ते पाइपात साचून राहिलेलं पाणी. ते वाहू द्यायचं आणि वाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) मोजायचं यंत्र बादलीत धरून बसायचं. आकडा बराच वेळ सरकत राहतो, तापमानही. दोन्ही थांबले की मग बाटली पुढे करायची. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लागू द्यायचं नाही, आणि बर्फाच्या पेटीतून 24 तासांच्या आत पोचवायची.

धातू तपासायच्या बाटलीत पाणी गाळून घेऊन नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब टाकतात, म्हणजे धातू बाटलीला आतून चिकटत नाहीत. एका दुपारी घाईघाईत मी ते थेंब नायट्रेट तपासायच्या दोन बाटल्यांत टाकले. नायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे नायट्रेटच! दोन्ही नमुने ओतून दिले, आणि त्या विहिरींवर पुन्हा गेले. तेव्हापासून प्रत्येक प्रकारच्या बाटलीला वेगळ्या रंगाची पट्टी लावते.

अहवाल आला. ज्या विहिरीची मला सगळ्यात जास्त काळजी होती, तिच्यासमोर नायट्रेट 14 लिहिलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेली मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम, म्हणून जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी आयनांचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या विद्युतभारित कणांचा, ताळेबंद मांडला. पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांचा भार सारखाच असतो, मोजणी नीट झाली असेल तर फरक 5 टक्क्यांच्या आत राहतो. इथे ऋण बाजू कमी पडत होती, आणि ती का ते कळेना. अहवाल पुन्हा ओळीने वाचला, तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं: ‘नायट्रोजन म्हणून’. म्हणजे 14 हे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन होतं; पूर्ण नायट्रेट काढायला 14 ला 4.43 ने गुणायचं. 62 आले. नायट्रेट हा ऋण आयन, त्यामुळे ताळेबंदही जुळला.

त्या विहिरीच्या वरच्या अंगाला शेणखताचा खड्डा आहे. माती नायट्रेट धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर ते थेट खाली झिरपतं. त्याच पाण्यात क्लोराइडही जास्त होतं आणि कोलिफॉर्म (शेणा-मैल्यात आढळणारे) जंतूही सापडले होते, म्हणून नुसत्या युरियापेक्षा मला त्या खड्ड्याचाच संशय आला. पक्कं सांगायचं तर नायट्रोजनच्या समस्थानिकांची (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) तपासणी लागते, ती अजून व्हायची आहे.

पण त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरात तीन महिन्यांचं, वरच्या दुधावरचं बाळ होतं, म्हणून मी थांबले नाही.

“आम्ही उकळूनच देतो की पाणी, ताई,” त्याची आई म्हणाली.

उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. एवढ्या लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होते, अंग निळसर पडतं. मी हे सांगत असताना त्या बाटली हातात धरून उभ्या होत्या. दोन शेतं पलीकडच्या बोअरचं नायट्रेट कमी होतं आणि जंतूही नव्हते. त्यांनी दुधाची बाटली रिकामी केली, कळशी उचलली आणि आम्ही दोघी तिकडे निघालो.