लॅपटॉप शाळेने दिला, पण घरी नेट कुठाय?

भारतात घरी फोन केला की कोणीतरी म्हणतंच, तुमच्याकडे अमेरिकेत काय, पोरांना शाळाच लॅपटॉप देते! देते, खरंय. पण होमवर्क ऑनलाइन, सबमिट करायचं ऑनलाइन, आणि घरी नेट नसेल तर त्या क्रोमबुकचं, म्हणजे बहुतेक सगळं नेटवरच चालणाऱ्या त्या शाळेच्या लॅपटॉपचं, पोराने करायचं काय?

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात सनीवेलला, ॲपल-गूगलच्या शेजारी. इथून गाडीने तास-सव्वा तासावर सॅलिनास, लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांचं गाव. ऑगस्ट २०२० मधे तिथल्या दोन शाळकरी मुलींचा फोटो देशभर फिरला होता, टॅको बेलच्या बाहेर फुटपाथवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या, कारण शाळा ऑनलाइन आणि फुकट वायफाय फक्त तिथे. त्याच वर्षी आपल्याकडे पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती आणि सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, मला तो फोटो बघून आधी तेच आठवलं.

नंतर सरकारने नेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरची सूट दिली, २ कोटी ३० लाखांवर घरांनी घेतली, आणि जून २०२४ मधे पैसे संपले म्हणून ती बंद. आपल्यासारखा स्वस्त डेटा इथे नाही हो, घरच्या नेटला पन्नास-साठ डॉलर सहज जातात, आणि भाडं भरताना ज्यांची ओढाताण होते ते आधी नेटच कापणार ना.

मी लायब्ररीत मुलांना होमवर्कला मदत करायला जाते. तिथे आठवीतली एक मुलगी येते. लायब्ररी बंद झाली तरी वायफाय चालू असतं, म्हणून मग ती आणि आई पार्किंगमधे गाडीत बसतात, क्रोमबुक मांडीवर, धाकटा भाऊ मागे झोपलेला. हॉटस्पॉट, म्हणजे वायफाय देणारं छोटं यंत्र, लायब्ररीतून पुस्तकासारखा घरी नेता येतो पण त्याला मोठी वेटिंग लिस्ट. आईची नाइट शिफ्ट असली की गाडी नाही, मग निबंध आईच्या जुन्या फोनवर अंगठ्याने टाइप करायचा, तोही डेटा शिल्लक असेल तर. रात्री ११:५९ उलटले की सिस्टीम आपोआप 'लेट' लावते आणि मार्क कापले जातात. हुशार आहे हो पोरगी, तिला निष्काळजी म्हटलं की माझ्या जिवाला लागतं.

शेवटी आईने टीचरना सांगितलं. त्या भल्या आहेत, हाताने लिहून दिलंस तरी चालेल म्हणाल्या. पण छापील पुस्तकं वर्गातच ठेवतात, घरी वाचायची कॉपी ऑनलाइनच आहे, मग तिने लिहायचं कशावरून?