एकच पान

"सर, तुमचं एकच पान धरलंय हं," जेवणाच्या यादीवर खूण करत मॅडम म्हणाल्या. बाकी सगळ्यांपुढे 'सहकुटुंब'.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आम्ही दोघं नऊ वर्षं एकत्र राहतोय. मॅडम आमच्याकडे पुरणपोळी जेवून गेल्यात. त्याच्या हातची.

"दोन करा," म्हटलं. पेन थांबलं. "घरी ठीक आहे हो, पण इथे सगळ्यांच्या घरचे येणार…"

डॉ. श्रीनिवास सिरस आठवले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना लोकांनी त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण केलं, आणि निलंबित झाले तेच. २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाही, असा कलम ३७७चा निकाल आला, तेव्हा ते नव्हते.

मॅडम वाईट नाहीत. म्हणूनच जास्त लागलं.

यादी अजून त्यांच्या टेबलावर आहे. उद्या मीच जाऊन 'दोन' लिहू?