वही दुसरीच्या हातात

शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या यशाचा प्रवास’ लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं. यशाचं राहू द्या. मी नेमकं काय करते ते सांगते, कारण नातेवाइकांनाही ते अजून नीटसं कळलेलं नाही. मी कथा-कादंबऱ्या लिहिते आणि विद्यापीठात कथालेखन शिकवते. घर चालतं ते शिकवण्यावर. नुसत्या कथांवर पोट भरणारे लेखक जगात कुठेही मोजकेच.

“हे काय शिकवता येतं का?” हा प्रश्न ठरलेला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६मध्ये सुरू झाली, तरी तो अजून विचारला जातो. इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७०मध्ये असा वर्ग निघाला. कादंबरीकार काझुओ इशिगुरो तिथून १९८०मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले, २०१७मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण तिथे न जाताही ते इशिगुरो झालेच असते, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. सुचणं कुणी कुणाला देऊ शकत नाही. आपलंच लिखाण परक्यासारखं वाचायची सवय मात्र लावता येते, आणि मला ती आपल्या शाळेत लागली.

नववीत मराठीच्या बाई निबंध तपासून झाले की वह्यांची अदलाबदल करायच्या. आपला निबंध शेजारणीने मोठ्याने वाचायचा. लिहिणारीने तोंड उघडायचं नाही. वाचणारी अडखळली की बाई एवढंच विचारत, “कुठे अडलीस गं?” लिहिणारी खुलासा करायला उठली की, “तू काय प्रत्येकाच्या घरी जाऊन समजावणार आहेस?” माझ्या ‘आजोबा’ निबंधातलं ‘त्यांचे हृदय सागरासारखे विशाल होते’ हे वाक्य (माझ्या मते त्यातलं सर्वोत्तम) मैत्रिणीने वाचलं, कुणी मान वर केली नाही. पुढे, पत्र टाकून झाल्यावर आजोबा पेटीच्या फटीतून आत डोकावून बघत, अशी ओळ आली आणि वर्गात खसखस पिकली. बाईंनी समासात त्याच ओळीपाशी खूण केली. बोलल्या काहीच नाहीत.

पुढे रीतसर कार्यशाळेत बसले तर तिथेही हाच नियम: ज्याच्या कथेवर चर्चा, त्याने गप्प बसायचं. अलीकडे काही शिक्षक या सक्तीला हरकत घेतात. ज्यांचं एरवीही कुणी ऐकत नाही, त्यांना आणखी गप्प का करायचं, असं ते विचारतात. मला ते पटतं. माझ्या वर्गात लेखक आधी आपल्या शंका मांडतो, मग ऐकतो. कथा मात्र दुसऱ्यानेच वाचायची, ते मी सोडलेलं नाही.

यात वेळ फार जातो. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर विद्यार्थी असताना त्यांचे शिक्षक, कादंबरीकार जॉन गार्डनर, त्यांच्या कथांतला स्वल्पविरामसुद्धा सोडत नसत. कार्व्हरना घरी लिहायला जागा नाही म्हणून सुट्टीच्या दिवसांसाठी गार्डनरनी आपल्या ऑफिसची किल्लीही देऊन टाकली होती. असं शिकवायचं तर शिकवणाऱ्याचं लिखाण मागे पडतंच. माझी कादंबरी सध्या पडून आहे, विद्यार्थ्यांच्या कथांचा गठ्ठा मात्र रोज वाढतो.

शाळेतल्या मुलांसाठी कार्यशाळा घ्याल का, असं समितीने विचारलं आहे. आनंदाने घेईन. मुलं पंधराच्या वर नकोत आणि शेवटी बक्षिसं नकोत.