माती तापेपर्यंत: परसबागेचा माझा अनुभव

घरची भाजी घरीच पिकवायची असे ठरवून मी वसंताच्या तोंडावर कामाला लागले, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो बियांच्या पाकिटांवर छापलेल्या एका ओळीचा. 'वसंताच्या सुरुवातीला पेरावे' ही ती ओळ. वाटाण्याच्या पाकिटावर तीच, गाजराच्या पाकिटावर तीच, आणि घेवड्याच्या पाकिटावर फार तर 'थंडी संपल्यावर' एवढाच फरक. वसंताची सुरुवात नेमकी कोणती, हे मात्र कोणीच सांगत नाही. दिवस आणि रात्र समान होतात तो दिवस, की शेवटचे दंव गोठून गेल्यानंतरचा आठवडा, की दुपारच्या उन्हात पहिल्यांदा स्वेटर काढून ठेवावासा वाटतो तो दिवस? जिथे हिवाळा कडक असतो, तिथे या तीन दिवसांमध्ये महिना-दीड महिन्याचे अंतर सहज पडते, आणि तेवढ्या अंतरात बी जोमाने वरही येते किंवा मातीखालीच कुजूनही जाते. ज्या एका माहितीवर सारी पेरणी अवलंबून आहे, तीच इतकी मोघम का छापावी, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जागा निवडणे, वाफे आखणे, अवजारे जमवणे हे सारे विनासायास पार पडले. रोज सहा ते आठ तास थेट ऊन मिळेल आणि मोठ्या झाडाची मुळे पोहोचणार नाहीत अशी जागा पाहावी, आणि वाफ्याची रुंदी सव्वा मीटरच्या पुढे नेऊ नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि मातीवर पाय देण्याची वेळ येत नाही. एवढे सांगितले की तो भाग संपतो. माझे घोडे अडले ते त्यानंतर.

पहिली अडचण ओलाव्याची. हिवाळाभर पाणी पिऊन बसलेली माती वरून कोरडी दिसू लागते, ऊनही छान पडलेले असते, आणि कुदळ हातात घेण्याचा मोह आवरत नाही. मी तो आवरला, आणि त्यासाठी रोज सकाळी एकच चाचणी केली. वरची माती बाजूला सारून वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, ती मुठीत घट्ट दाबायची, मग मूठ उघडून त्या गोळ्यावर अंगठ्याने हलके दाबायचे. सुरुवातीला गोळ्यावर माझ्या बोटांचे ठसे रेषांसकट उमटत, दाबल्यावर तो फुटण्याऐवजी चपटा होई आणि तळहातावर ओलसर, चकचकीत थर उरे. अशी माती खणली तर कणांमधल्या हवेच्या पोकळ्या दाबून बंद होतात, वाळल्यावर विटेसारखी टणक ढेकळे तयार होतात आणि त्यांचा त्रास त्या साऱ्या हंगामात संपत नाही. चिकणमाती असेल तर हे आणखी खरे. वाळूमिश्रित माती लवकर मोकळी होते, तिच्या मालकांना ही वाट पाहावी लागत नाही, आणि त्या दिवसांत मला त्यांचा मनापासून हेवा वाटत असे.

माती वाफशावर, म्हणजे खणण्याजोग्या बेताच्या ओलाव्यावर, आली त्या सकाळी गोळ्यावर अंगठा ठेवताच तो दोन-तीन तुकड्यांत फुटला आणि त्या तुकड्यांचा हातातच भुगा झाला. मला झालेला आनंद एखाद्याला अतिशयोक्त वाटेल, पण इतके दिवस निमूटपणे थांबल्याचे चीज झाले होते. त्याच दिवशी वाफे वरवर भुसभुशीत केले, दोन-तीन बोटे जाडीचा चांगला कुजलेला खताचा थर पसरला आणि दाताळ्याने माती सपाट केली. खत पूर्ण कुजलेले असावे, हे येथे आवर्जून सांगते. अर्धवट कुजलेले, काडीकचऱ्याचे खत मातीत मिसळले तर ते कुजवण्याच्या कामी लागलेले जिवाणू मातीतले नत्र (नायट्रोजन) स्वतःच वापरून टाकतात आणि कोवळी रोपे पिवळी पडतात.

आता पेरणी करता येईल असे मला वाटले, आणि येथेच दुसरी, अधिक लांब प्रतीक्षा सुरू झाली. माती मोकळी झाली होती, पण तापली नव्हती. हवा आणि माती यांचे तापमान वसंतात एकमेकांच्या बरोबरीने चालत नाही. पाण्याला तापायला त्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या जवळजवळ पाचपट उष्णता लागते, शिवाय ओलाव्याची वाफ होताना मातीची उष्णता खर्ची पडते, त्यामुळे ओली जमीन उन्हात पडूनही गारच राहते. दुपारी अंगणात उकडते आहे असे वाटत असताना बोटभर खाली माती गारठलेली असते, आणि बियांचा संबंध त्या मातीशी असतो.

या टप्प्यावर मी मातीत खोचायचा साधा तापमापक वापरायला सुरुवात केली आणि पाकिटांवरच्या ओळीकडे पाहणे सोडून दिले. तापमापक पाच ते दहा सेंटिमीटर खोल खोचावा, सकाळी पाहावा, कारण दुपारचा आकडा फसवा असतो, आणि सलग काही सकाळी आकडा टिकला तरच त्यावर विश्वास ठेवावा. हे करू लागल्यावर माझी चिडचिड निम्मी कमी झाली, कारण आता मी नुसती वाट पाहत नव्हते, कशाची वाट पाहते आहे हे मला दिसत होते.

जे आकडे पाकिटावर असायला हवे होते, ते असे आहेत. पालक, लेट्यूस आणि वाटाणा माती 5 अंश सेल्सिअसच्या आसपास असतानाही उगवतात, पण लेट्यूसला तेव्हा दोन आठवडे, पालकाला तीन आठवड्यांहून अधिक आणि वाटाण्याला महिन्याच्या वर वेळ लागतो. तोच वाटाणा 10 अंशांना सुमारे दोन आठवड्यांत आणि 15 अंशांना नऊ-दहा दिवसांत वर येतो. गाजराचे तर विचारूच नये. 5 अंशांना त्याला पन्नासएक दिवस लागतात, 10 अंशांना अडीच आठवडे, 15 अंशांना दहा दिवस आणि 20 अंशांना आठवडाभर. म्हणजे पंधरा दिवस उशिरा पेरलेले गाजर आधी पेरलेल्या गाजराला सहज गाठते, आणि मधल्या काळात मुंग्या, गोगलगायी व बुरशी यांच्या तावडीतूनही वाचते. घेवडा 10 अंशांना जवळजवळ उगवतच नाही, त्याला किमान 15 अंश लागतात. काकडीलाही तेवढेच हवेत, आणि भेंडीला 15 अंशांना जवळपास चार आठवडे लागत असल्याने तिच्यासाठी 20 अंशांची वाट पाहणेच शहाणपणाचे. घाईने मिळवलेले दिवस असे मातीतच हरवतात, हे कळल्यावर माझी घालमेल पुष्कळ शमली.

घेवड्याच्या बाबतीत मला पडताळा पाहायचा होता, म्हणून वाफ्याच्या एका कोपऱ्यात थोडे बी मुद्दाम गार मातीत पेरले आणि काही दिवसांनी उकरून पाहिले. दाणे फुगून दुप्पट झाले होते, वरची साल एका बाजूने उकलली होती, पण आत कोंबाची हालचाल नव्हती, आणि चिमटीत धरताच दाणा बुळबुळीत होऊन घसरला. त्याला आंबूस वास येत होता. कोरडे बी पहिल्या काही तासांत झपाट्याने पाणी शोषते, ते पाणी फार गार असेल तर पेशींच्या पडद्यांना इजा होते, आतली साखर बाहेर झिरपते आणि तिच्यावर मातीतल्या बुरशीचे फावते. म्हणून घेवडा पेरायचा तो पुढचे दोन-तीन दिवस उबदार राहतील अशा वेळीच पेरावा, आणि पेरल्याबरोबर गार पाण्याचा मारा करू नये. उरलेले पाकीट मी माती तापेपर्यंत उघडले नाही, आणि नंतरची ओळ एकही खाडा न पडता उगवली, याचा मला सार्थ अभिमान आहे.

ही प्रतीक्षा थोडी कमी करता येते. जमिनीपासून वीतभर उंच केलेल्या गादीवाफ्यात पाण्याचा निचरा लवकर होतो आणि माती सपाट जमिनीपेक्षा आधी तापते. हिवाळ्यात घातलेले पेंढ्याचे किंवा पानांचे जाड आच्छादन या काळात बाजूला काढावे, कारण थंडीत उपयोगी पडलेले तेच आच्छादन आता ऊन मातीपर्यंत पोहोचू देत नाही. वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबल्या की खालची माती काही अंशांनी तापते. काळ्या प्लास्टिकपेक्षा पारदर्शक प्लास्टिक जास्त तापवते, कारण त्यातून ऊन थेट मातीवर पडते. त्याखाली तणही उगवते, पण मला ते सोयीचेच वाटले, कारण प्लास्टिक काढून ते तण वरच्या वर खुरपून टाकले की पेरणीसाठी स्वच्छ वाफा मिळतो. खुरपे खोल घालू नये, नाहीतर खालचे तणाचे बी वर येते.

घरात रोपे तयार करण्याचे काम या काळात चालूच होते आणि ते बरेच सुरळीत झाले. टोमॅटोचे बी शेवटचे दंव गोठण्याच्या अंदाजे तारखेच्या सहा ते आठ आठवडे आधी, मिरचीचे आठ ते दहा आठवडे आधी पेरावे. टोमॅटोला उगवताना 20 ते 25 अंशांची ऊब मिळाली तर आठवडाभरात कोंब दिसतात. खिडकीतला उजेड बहुधा अपुरा पडतो आणि रोपे उजेडाच्या शोधात बारीक, लांबुडकी होतात, म्हणून रोपांच्या शेंड्यापासून काही सेंटिमीटरवर दिवा टांगून तो दिवसाला चौदा ते सोळा तास चालू ठेवावा. पाणी तळातल्या ताटलीतून द्यावे. वरून पाणी घालून माती सतत ओली ठेवली की देठ मातीलगत बारीक होऊन रोपे एका रात्रीत कोलमडतात, आणि एकदा ही मर सुरू झाली की ते रोप वाचत नाही.

मघाशी सांगायचे राहून गेले, पण बी जुने असेल तर पेरण्याआधीच त्याची परीक्षा घ्यावी. दहा दाणे ओल्या कागदी रुमालात गुंडाळून उबेला ठेवावेत आणि किती मोड येतात ते मोजावे. टोमॅटोचे बी नीट ठेवले तर चार-पाच वर्षे टिकते, कांद्याचे बी मात्र वर्षभरातच अशक्त होते. मातीचा दोष समजून दोन आठवडे थांबावे आणि बीच मेलेले निघावे, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

घरातली रोपे थेट बाहेर नेऊ नयेत. मी ती पहिल्या दिवशी तासाभरासाठी सावलीत, वारा लागणार नाही अशा ठिकाणी ठेवली, मग रोज थोडे ऊन आणि थोडा वारा वाढवत नेला. ही काटक करण्याची प्रक्रिया आठवडा ते दहा दिवस चालते, आणि या दिवसांत पाणीही थोडे हात राखून द्यावे. घरातल्या पानांची साल पातळ असते, तिला उघड्या उन्हाची सवय नसते, आणि घाई केल्यास पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात.

दंवाच्या रात्रींबद्दल एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. हवामानाच्या अंदाजातले तापमान जमिनीपासून माणसाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवरचे असते, आणि निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी गार होते. त्यामुळे अंदाजात 3 अंश असले तरी वाफ्यावर दंव गोठू शकते. संध्याकाळी आभाळ स्वच्छ आणि वारा स्तब्ध दिसला की मी वाफ्यांवर हलके कापड टाकत असे, त्याच्या कडा जमिनीला टेकवत असे, म्हणजे मातीतून वर येणारी ऊब आत राहते. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री ही काळजी बहुधा लागत नाही.

टोमॅटो लावल्यावर काही दिवसांनी त्यांच्या पानांची खालची बाजू जांभळट दिसू लागली, तेव्हा मी खत ओतले नाही. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट घेता येत नाही, मातीत ते असले तरीही, आणि माती तापली की नवी पाने हिरवी येतात. तशीच ती आली.

लेट्यूस मात्र एकदम सगळे पेरू नये. दर दोन आठवड्यांनी छोटी ओळ पेरावी, आणि हे काम माती फार तापण्याआधी उरकावे, कारण माती 27 अंशांच्या वर गेली की लेट्यूसच्या बऱ्याच जातींचे बी सुप्तावस्थेत जाते आणि उगवायचे थांबते. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत ते पेरायचेच असेल, तर संध्याकाळी, गार पाणी शिंपून, सावलीच्या वाफ्यात पेरावे.