आमची वाटचाल: पंप उचलण्याचा पहिला सेकंद

विजेचा खांब जेथे पोहोचलेला नाही, तेथे सौर पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या जोरावर विहिरीतला सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा, पंप चालवून देणे हा आमचा व्यवसाय आहे. दिवे आणि पंखे कोणीही लावून देतो. मोटर उचलण्याचा, म्हणजे थांबलेली मोटर सुरू करून वेगात आणण्याचा, प्रश्न आला की बहुतेकांची मजल तेथेच थांबते, आणि आम्ही टिकलो ते याच कामावर, हे सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही.

सुरुवातीला आम्ही दोघे होतो. माझे भागीदार मोटरी भरण्याच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळण्याच्या, कामात मुरलेले होते. जळालेले वाइंडिंग नुसते हुंगून आणि तारेचा रंग पाहून मोटर कमी व्होल्टेजवर जळाली की कोरडी फिरून, हे ते सांगत. माझ्याकडे इन्व्हर्टरचे ज्ञान होते आणि एक चांगला टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमटा धरून करंट मोजणारे यंत्र, होता. त्या टाँग टेस्टरविषयी थोडे लिहिलेच पाहिजे. साधा टेस्टर आकडा इतक्या सावकाश दाखवतो की स्टार्टिंग करंटचे शिखर त्याच्या नजरेतून निसटते. आमच्या टेस्टरला सुरुवातीचा झटका धरून ठेवण्याची सोय होती. दीड एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण दहा अँपिअर घेते, परंतु उचलताना तीच मोटर चाळीस अँपिअरपर्यंत जाते. २३० व्होल्टवर हा भार नऊ केव्हीएच्या, म्हणजे नऊ हजार व्होल्ट-अँपिअरच्या, पुढे जातो. ज्याने हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याने पंपासाठी इन्व्हर्टर विकू नये, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

पहिली काही वर्षे बरी गेली. मग तो हंगाम आला, ज्याने आम्हांला जवळजवळ बुडवले.

आम्ही ज्या पुरवठादाराकडून ट्रान्सफॉर्मर नसलेले हलके इन्व्हर्टर घेत होतो, त्याच्या माहितीपत्रकावर ‘दुप्पट तात्कालिक भार’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. जुना माल त्या शब्दाला जागत होता. नव्या मालातले बोर्ड मात्र कोणालाही न कळवता बदललेले होते, आणि तो दुप्पट भार आता केवळ वीस मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनापुरता, सोसला जात होता. सबमर्सिबल मोटरला वेग घेण्यास त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. परिणामी एकामागून एक इन्व्हर्टर पंप सुरू करताच ट्रिप होऊ, म्हणजे आपोआप बंद पडू, लागले, काहींचे आउटपुट ट्रान्झिस्टर फुटले, आणि ऐन पाण्याच्या दिवसांत ग्राहकांचे पंप बंद पडले. पुरवठादाराने ‘मोटरचा भार हमीत बसत नाही’ असे एका ओळीचे उत्तर पाठवून हात झटकले. आम्ही प्रत्येक ग्राहकाला स्वतःच्या पैशाने जड, ट्रान्सफॉर्मरचे इन्व्हर्टर बसवून दिले. त्यासाठी वाइंडिंगचे यंत्र विकावे लागले, आणि भागीदारांना कित्येक महिने हाताने मोटरी भराव्या लागल्या.

याच काळात आमच्याच धंद्यातल्या एका गृहस्थांनी ‘इन्व्हर्टरवर सबमर्सिबल चालतच नाही’ असा प्रचार ग्राहकांच्या दारोदारी जाऊन केला. पुढे त्यांनीच ‘पंपासाठी खास’ असे लेबल चिकटवून इन्व्हर्टर विकण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांना ते जुने वाक्य आठवले नसावे. आम्ही मात्र ते विसरलेलो नाही.

त्या हंगामातही एका रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी आमचा माल परत केला नाही. त्यांनी एक वही घातली होती. पंप केव्हा सुरू केला, केव्हा थांबवला, सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्टेज किती होते आणि उचलताना काटा कोठवर उतरला, हे त्या स्वच्छ अक्षरात लिहीत. इन्व्हर्टर बदलून दिल्यानंतरही त्यांच्याकडे अधूनमधून ट्रिपिंग होत होते, आणि त्याचे कारण आम्हांला त्या वहीत सापडले. सकाळी पंप पहिल्यांदा सुरू करताना ट्रिपिंग कधीच होत नसे. पंप थांबवून लगेच पुन्हा सुरू केला तरच होई. पंपावरचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळत होता. मोटर थांबताच पाइपमधले पाणी खाली उतरून पंपाला उलटे फिरवत होते, आणि त्या उलट्या फिरकीतच मोटरला पुन्हा वीज मिळत होती. असे झाल्यास करंट भडकतो, शाफ्टवर घाव बसतो, आणि सिंगल फेज मोटर कधीकधी उलटीच चालू लागते. आम्ही एनआरव्ही बदलला आणि पॅनेलमध्ये पुन्हा सुरू होण्यास विलंब लावणारा टायमर बसवला. तेव्हापासून हा टायमर आमच्या प्रत्येक पॅनेलमध्ये असतो, आणि तो काढून स्वस्तात द्या म्हणणाऱ्याला आम्ही नम्रपणे नकार देतो.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

आता आमचा भर तीन फेजच्या मोटरी आणि विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारे ड्राइव्ह यांवर आहे. भागीदार मोटर २३० व्होल्टच्या डेल्टा जोडणीसाठी भरून देतात, इन्व्हर्टरची सिंगल फेज वीज ड्राइव्हला मिळते, आणि ड्राइव्ह ती तीन फेजची करून कमी फ्रिक्वेन्सीपासून मोटर उचलतो, त्यामुळे सुरुवातीचा करंट चालू करंटच्या फारसा वर जात नाही. मात्र ड्राइव्ह घ्यावा तो सिंगल फेज इनपुटसाठी बनवलेला, किंवा मग पुरेसा मोठा. वर उल्लेख केलेले गृहस्थ आजकाल ड्राइव्ह लावून मोटर दहा सेकंदांत ‘अलगद’ उचलून दाखवतात आणि ग्राहक खूश होतात. सबमर्सिबल मोटरचे, पंपाचा खाली येणारा दाब पेलणारे थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरते आणि तो थर वेगाशिवाय तयार होत नाही. म्हणून ३० हर्ट्झचा टप्पा साधारण सेकंदाभरात गाठावा लागतो, आणि त्याखाली मोटर रेंगाळत ठेवता येत नाही. अलगदपणाची किंमत बेअरिंग चुकवते, आणि ती मोटर भरायला शेवटी आमच्याकडेच येते.

ढगाळ दिवशी पंप कमी वेगाने चालवून वीज वाचवता येईल, असेही काहींना वाटते. वेग कमी केला की हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, वेगाच्या वर्गाने घटते. ५० हर्ट्झवर शंभर मीटर हेड देणारा पंप ४० हर्ट्झवर चौसष्ट मीटरच देतो. पाणी सत्तर मीटरवरून उचलायचे असेल तर मोटर फिरत राहील, वीज खाईल, आणि वर थेंबही येणार नाही. शिवाय पाण्याचा प्रवाह थांबल्याने मोटर तापेल.

केबलबाबतही सांगतो, जरी कोणी विचारलेले नसले तरी. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या शंभर मीटर लांब केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे दीड ओहम भरतो. चाळीस अँपिअरच्या झटक्याला त्यात साठ व्होल्टच्या आसपास वाटेतच गळतात, आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्याने मोटर नुसती गुणगुणते. ग्राहक इन्व्हर्टरला शिव्या देतो. ४ चौरस मिलिमीटरची केबल घातली तर हीच घट सदतीस व्होल्टवर येते. बॅटरीच्या बाजूलाही तोच हिशेब लागू आहे: ४८ व्होल्टवर उचलताना सव्वाशे अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढले जातात, आणि दहा मिलिओहमचा एक सैल लग, म्हणजे केबलच्या टोकाचा जोड, सव्वा व्होल्ट खातो. असे दोन-तीन लग असले की चांगली बॅटरीसुद्धा इन्व्हर्टरला रिकामी वाटते.

बॅटऱ्या वाढवण्यापेक्षा टाकी मोठी बांधा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो, जरी त्यामुळे आमची विक्री कमी होते. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उचलण्यास सिद्धांताने ०.२७ युनिट लागते. पंपसंचाची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आत धरली तर ते पाऊण युनिटच्या आसपास जाते. ही वीज दुपारी थेट पॅनेलमधून घेतलेली बरी.

आमच्याकडे येताना ग्राहकांनी विहिरीची खोली, पाण्याची पातळी, केबलची जाडी आणि मोटरच्या पाटीवरील मजकूर आणावा. मोटर एकदा खाली सोडली की पाटी वाचता येत नाही, म्हणून सोडण्यापूर्वीच तिचे छायाचित्र काढून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवावे.